आमच्या साडूंचा कान

गल्लीच्या गणपतीची आरती ऐन रंगात आली आहे, झांजा कडकडताहेत, ताशा फुटेल असा वाजतोय, चाळीस माणसं चाळीस सुरांत आरती म्हणताहेत, आणि एवढ्या गदारोळात ज्याला फक्त कोपऱ्यातल्या पंख्याचं बेअरिंग ऐकू येतं असा माणूस उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. थोरला साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आरतीत बाकीच्यांचे ओठ हलतात, यांच्या भुवया हलतात. एका वर्षी प्रसाद घेताना मी सहज विचारलं, "काय मागितलंत गणपतीकडं?" तर म्हणाले, "मागतोय कसलं, पावणं. तो पंखा विसर्जनापर्यंत टिकत नाही, मंडळाच्या पोरांना सांगा." पोरांनी अर्थातच मनावर घेतलं नाही. पंखा सातव्या दिवशी बसला, आणि तेव्हापासून आमच्या गल्लीत भविष्य सांगणारा म्हणून साडूंचं नाव घेतलं जातं.

नाव काही का असेना, त्यांना सगळे 'सर' म्हणतात. तीसेक वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवलं, त्यामुळं विद्यार्थी म्हणतात ते ठीक आहे. पण दूधवाला म्हणतो, वॉचमन म्हणतो, कळंब्याच्या तळ्यावर सकाळी फिरायला येणारी म्हातारी माणसं म्हणतात, आणि मुख्य म्हणजे आमची अक्का, त्यांची लग्नाची बायको, तीही म्हणते. "सर, चहा ठेवू का?" "सर, दळण आणायचं राहिलंय." भांडणातसुद्धा, "सर, तुम्हाला अक्कल म्हणून काही आहे का?" लग्नानंतर तिनं काही दिवस 'अहो' म्हणून बघितलं होतं म्हणे, पण चाळीतल्या पाचजणी आपापल्या नवऱ्याला 'अहो' म्हणत असल्यामुळं यांना आपली हाक कुठली ते कळेना. 'सर' म्हटलं की मात्र चटकन मान वळायची. मग तेच राहिलं. मी साडू असून 'सर' म्हणतो, ते मला 'पावणं' म्हणतात. आमच्याकडं साडू काय, व्याही काय, एस्टीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस काय, सगळे पावणंच, त्यामुळं त्यात मला फार मान मिळतो अशातला भाग नाही.

सरांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "हे कुणासाठी चाललंय?" रिकाम्या खोलीत दिवा दिसला, "हे कुणासाठी चाललंय?" आणि खट्. नळ ठिबकताना दिसला, "हे कुणासाठी चाललंय?" आणि चावी घट्ट. आमच्या घरी आले की चपला काढायच्या आधी त्यांचा हात बटणांच्या बोर्डाकडं जातो. एकदा सासूबाई आमच्याकडं राहायला होत्या. त्यांना मालिका डोळे मिटून बघायची सवय. सर आले, म्हातारी झोपलेली दिसली, टीव्ही बंद केला. सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं, "वीज गेली का रं?" आणि जावयाचा आवाज ऐकल्यावर पदर सावरून उठून बसल्या, पण त्या दिवशी मालिकेत नेमकं कोण कुणाला विष देणार होतं ते त्यांना अखेरपर्यंत कळलं नाही आणि तो राग त्यांनी शेवटपर्यंत मनात ठेवला. कॉलेजच्या एका समारंभात प्रमुख पाहुणे तासभर बोलले. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. सर पहिल्या रांगेत, शेवटी आभार मानायचे म्हणून हातात माईक. शेजारच्यांकडं वळून त्यांनी आपल्या मते हळूच विचारलं, "हे कुणासाठी चाललंय?" ते माईकमध्ये गेलं. पाहुण्यांनी तिथंच आभार मानले, आणि मागं उरलेल्या पोरांनी टाळ्यांचा जो कडकडाट केला तसा त्या कॉलेजात नंतर कधी झाला नाही म्हणतात.

कुकरच्या बाबतीत तर विचारूच नका. सर बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असतात आणि आत अक्का निवांत दुसरं काम करत असते, कारण शिट्ट्या मोजायचं खातं सरांकडं आहे. तिसरी झाली की पेपराआडून आवाज येतो, "झाल्या. आता चौथी कुणासाठी?" अक्काला लग्नापासून एकदाही शिट्ट्या मोजाव्या लागल्या नाहीत, आणि तिची डाळ एकदाही लागली नाही.

आता फ्रिजची गोष्ट सांगतो. माझ्या पुतणीच्या लग्नाची बोलणी होती, शाहूपुरीत मुलाकडच्यांच्या घरी. पोहे झाले, चहा झाला, महत्त्वाच्या विषयाला तोंड फुटणार एवढ्यात सर उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. त्यांना तिथला फ्रिज बराच वेळ अस्वस्थ करत होता. सारखा चालू होतोय, म्हणजे दाराचं रबर गेलेलं असणार. ते तपासायची त्यांची रीत अशी, की दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि नोट ओढून बघायची. सहज निसटली तर रबर खराब. नोट लावली आणि तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारली, म्हणून हे तसेच बाहेर आले. नोट राहिली फ्रिजच्या दारात. मुलाच्या आईनं ती बघितली. बाई मोठ्या रीतीभातीच्या. पंधरा दिवसांनी ते लोक आमच्या घरी आले, तर बाई आधी आत गेल्या, आमच्या फ्रिजला हळदकुंकू लावलं, शंभराची नोट दारात अडकवली आणि नुसते शंभर कसे द्यायचे म्हणून वर एक रुपया ठेवला. "आमच्यात न्हवती ही पद्धत," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "पण तुमच्यात हाय म्हटल्यावर करायला पायजेच की." माझ्या बायकोनं पदर तोंडात कोंबला. सर पुढं झाले, नोट हलकेच ओढून बघितली आणि म्हणाले, "छान बसलीय. रबर चांगलं आहे तुमचं, पावणं." लग्न झालं, पुतणी सुखात आहे, आणि त्या घरात अजून कुठलीही सोयरीक जुळली की आधी फ्रिजची ओटी भरतात.

अशा माणसाला कॉलेजनं काम दिलं होतं तेही त्याच्या जन्माला साजेसं. दर वर्षी शेवटच्या वर्षाची सहा-सात मुलंमुली घेऊन लहान लहान कारखान्यांत जायचं, दिवसभर मोटारी, दिवे, भट्ट्या, पाईप तपासायचे, आणि वीज कुठं वाया जाते त्याचा अहवाल लिहून मालकाच्या हातात ठेवायचा. मोठ्या कारखान्यांकडं यासाठी पगारी माणसं असतात. आमच्यासारख्या दहा-बारा माणसांच्या शेडकडं कोण बघतो? मुलं शिकायची, मालकाची वीज वाचायची, आणि हे सगळं फुकट. पण आमच्या उद्यमनगरात, या लहान कारखान्यांच्या वसाहतीत, 'फुकट' म्हटलं की माणूस आधी दाराला कडी घालतो. त्यात कॉलेजच्या पत्रावर शब्द होता 'ऊर्जा लेखापरीक्षण'. हा शब्द वाचून कुणालाही घाम फुटावा. सरांना बारा वर्षांपूर्वी पहिल्या वर्षी एकही कारखाना मिळेना. शेवटी अक्का माझ्या बायकोशी बोलली, बायको माझ्याशी बोलली, म्हणजे मला सांगितलं, आणि पहिली पाहणी आमच्या शेडमध्ये ठरली.

आमचं काम म्हणजे फाउंड्रीतून आलेल्या ओतीव मालाला लेथवर नेमका आकार द्यायचा. वडिलांनी सुरू केलेली शेड. त्यांच्यासोबत आलेला दत्तूमामा मिस्त्री अजून आहे. शेडमध्ये मालक मी, पण ऐकतात सगळे त्याचं. मीसुद्धा. शेडमध्ये एक कॉम्प्रेसर आहे. तो टाकीत हवा दाबून भरतो आणि ती पाईपांतून सगळ्या मशिनींना जाते. सर म्हणाले, तुमची हवा गळत असणार, ती मोजू. दत्तूमामा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "मालक, ह्ये काय खूळ काढलंय पावण्यांनी? हवंचं कुटं ऑडिट आस्तंय व्हय? हवा हाय तर हाय, न्हाय तर न्हाय!" आणि चहाच्या गाड्यावर जाऊन त्यानं सांगितलं, "आमच्या मालकाची हवा गळाय लागल्या, म्हणून कालेजातनं सर आल्यात बघाय." आता कोल्हापुरात एखाद्याची हवा असणं म्हणजे काय आणि ती गळणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. दोन दिवसांत अर्ध्या उद्यमनगरानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "काय, बरं चाललंय न्हवं? काय लागलं तर सांगा, लाजू नका." एकानं तर शेड विकायची असेल तर आधी मला विचारा, असंही प्रेमानं सांगून ठेवलं.

सर सोमवारी आले. सोमवार आमच्या सुट्टीचा. एकही मशीन चालू नाही. त्यांनी फक्त कॉम्प्रेसर चालू करायला लावला. धडधड करत टाकी भरली आणि तो थांबला. "आता सगळे गप्प बसा," सर म्हणाले. आम्ही बसलो. मुलांच्या हातात घड्याळं. दोन-तीन मिनिटं गेली नाहीत तोच कॉम्प्रेसर आपोआप धडधडत उठला, टाकी भरली, थांबला. पुन्हा थोड्या वेळानं उठला. सर दत्तूमामाकडं वळले. "मामा, आज कोण काम करतंय?" "कोन न्हाय की. सुट्टी हाय." "मग हा कुणासाठी राबतोय?" दत्तूमामा कॉम्प्रेसरभोवती एक चक्कर मारून आला.

मग सरांनी एक बोट वर केलं आणि पाईपाच्या कडेनं चालायला लागले. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. ते मात्र दोन पावलं जायचे, थबकायचे, "सुईं," असं स्वतःशीच म्हणायचे, पिशवीतून साबणाच्या पाण्याची बाटली आणि दाढीचा ब्रश काढायचे आणि जोडावर फेस लावायचे. लगेच तिथं बुडबुडे. असे सतरा जोड निघाले. (तो ब्रश पुढं सगळीकडं फिरला. एका लग्नात त्यांनी आचाऱ्याच्या गॅसच्या नळीला फेस लावला, तेव्हा आचारी ओरडला होता, "ओ पावणं, लगीन हाय का दाढी?") शिवाय एप्रिल-मेमध्ये दत्तूमामा जेवण झालं की हवेचा पाईप शर्टाच्या कॉलरीत खोचून डुलकी काढायचा आणि पोरं सुट्टी झाली की अंगावरचा लोखंडाचा कीस उडवायला पाच-पाच मिनिटं हवा मारून घ्यायची, तेही सरांनी अहवालात लिहिलं. 'हवेने आंघोळ' असा स्वतंत्र मुद्दा होता. जोड आवळले, नळ्या बदलल्या, मामासाठी पंखा आणला. पुढच्या सोमवारी कॉम्प्रेसर चालू केला, टाकी भरली, तो थांबला, आणि आमचा चहा होऊन, पान होऊन, दत्तूमामाची एक जुनी गोष्ट पूर्ण होऊन गेली तरी उठला नाही. मामा उठून त्याला हात लावून आला, ताप बघितल्यासारखा. मग म्हणाला, "म्हंजे इतकी वरसं आपुन वाऱ्याला पगार देत हुतो." त्या दिवसापासून सरांचा उद्यमनगरातला प्रचार दत्तूमामानं आपल्या अंगावर घेतला. पुढं पत्रातला 'लेखापरीक्षण' शब्द काढून 'सर तुमची हवा बघायला येतील' एवढंच लिहायला लागल्यावर कारखान्यांची रांग लागली.

अशी बारा वर्षं गेली. दर वर्षी नवी मुलं, नव्या शेडी, आणि सरांचं ते वर केलेलं बोट. कॉलेजनं मध्यंतरी एक यंत्र घेतलं. पिस्तुलासारखं जोडावर रोखायचं, माणसाच्या कानाला न कळणारी गळतीसुद्धा ते पडद्यावर आकड्यानं दाखवतं. सर मुलांना ते वापरायला द्यायचे, स्वतः हात लावायचे नाहीत. "यंत्र चांगलं आहे, पण त्याला सेल लागतो," म्हणायचे आणि कानाच्या पाळीला हात लावायचे. त्या कानाचा त्यांना फार अभिमान. पदव्या होत्या, भिंतीवर मानपत्रं होती, त्यांचं काही नाही; पण "सरांच्या कानापुढं यंत्र झक मारतंय," असं दत्तूमामा म्हणाला की सरांच्या चेहऱ्यावर पोरासारखं हसू यायचं.

गेल्या दिवाळीपासून मात्र सर घुम्यासारखे वागायला लागले. बोलणं तुटक, कपाळाला आठ्या. अक्का माझ्या बायकोजवळ रडली. "काय झालंय तेच कळत नाही गं. हाक मारली की माझ्याकडं असं बघतात, जशी मी शिवी दिलीय. आणि परवा डाळ लागली. हे तिथंच पेपर वाचत बसलेले. म्हटलं, मोजल्या नाहीत का? तर म्हणे, वाजल्याच नाहीत." बायकोनं मला सांगितलं. मी म्हटलं, रिटायर व्हायची वेळ आली, होतं असं माणसाचं. डाळीचा मुद्दा माझ्याही डोक्यात शिरला नाही, हे मी कबूल करतो.

या वर्षी सरांची शेवटची तुकडी. शेवटची पाहणी त्यांनी मुद्दाम आमच्या शेडची ठेवली. जिथं सुरू झालं तिथं संपवू म्हणाले. सोमवारचीच सकाळ, कॉम्प्रेसर भरून थांबलेला, सगळे गप्प. सरांनी बोट वर केलं आणि चालायला लागले. मागं मुलं, त्यांच्यामागं मी आणि दत्तूमामा. यंत्र एका मुलीच्या हातात होतं. राधानगरीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, धीट पण नम्र. तिसऱ्या लेथच्या वर एक जोड आहे. तिथं आलो आणि मला, माझ्यासारख्या बहिऱ्या माणसाला, स्वच्छ ऐकू आलं: सुईंईं. सर बोट वर धरून त्याखालून तसेच पुढं गेले. मी दत्तूमामाकडं बघितलं. मामानं खाली बघितलं. मुलीच्या हातातलं यंत्र आकडे दाखवायला लागलं होतं. ती थांबली आणि हळूच म्हणाली, "सर."

सर गर्रकन वळले. चेहरा लाल. "काय म्हणालीस?"

"सर, इथं..."

"अरं? मला अरं म्हणतेस? मी तुझ्या बापाच्या वयाचा माणूस!"

मुलगी पांढरीफटक. "नाही सर, मी सरच म्हणाले."

"बघा! परत अरं! पावणं, तुम्ही ऐकलंत की नाही? दिवाळीपासून हे चाललंय. वर्गात पोरं अरं म्हणतात, वॉचमन अरं म्हणतो, घरात बायको... बायको अरं म्हणते हो मला! इतकी वर्षं संसार केला, आता रिटायर होणार म्हटल्यावर अरंवर आली!"

तिकडं वरचा जोड वाजत होता, सुईंईं, सुईंईं. तो सगळ्यांना ऐकू येत होता. सर एकेकाच्या तोंडाकडं बघत गेले. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना दिसलं, मग सगळ्यांची नजर कुठं लागली आहे ते दिसलं. त्यांनीही वर बघितलं. हळूच पिशवी उघडली, बाटली काढली, ब्रश फेसात बुडवला. स्टुलावर चढून जोडाला फेस लावला. भराभरा बुडबुडे आले, फुटले, पुन्हा आले. सर कान अगदी जवळ नेऊन कितीतरी वेळ त्या बुडबुड्यांकडं बघत राहिले. सतरा जोड नुसत्या कानानं काढणारा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांदेखत हवा फसफसत होती आणि त्याला तिचा आवाज नव्हता.

ते खाली उतरले. ब्रश फडक्याला पुसला. मुलीला म्हणाले, "बाळ, चुकलो. तू बरोबर होतीस." मग माझ्याकडं वळून, अगदी अहवालातलं वाक्य वाचावं तसं, "पावणं, मला 'स' ऐकू येत नाही." त्या दिवशीचा अहवाल त्यांनी तिथंच बसून लिहिला, आणि गळती कुणी शोधली या रकान्यात, जिथं बारा वर्षं त्यांचीच सही असायची, तिथं त्या मुलीचं पूर्ण नाव घातलं. संध्याकाळी घरी जाऊन अक्कासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मला एकदा हाक मार." ती म्हणाली, "सर." ते तिच्या ओठांकडं बघत होते. मग म्हणे दोघं बराच वेळ हसत होती, आणि अक्का हसता हसता रडली.

डॉक्टरांनी सांगितलं, वरच्या पट्टीतले आवाज गेलेत, वयानं आणि मशिनींच्या गोंगाटानं. ते परत यायचे नाहीत. बारा वर्षं कारखान्यांचा गोंगाट उपसून त्यातून एक बारीक सुईं वेचणाऱ्या कानाला त्या गोंगाटानंच खाल्लं. कानात घालायचं मशीन दिलंय. त्यानं माणसांचं बोलणं बरं कळतं, 'सर' पुन्हा सर झालंय. पण जोडांची ती बारीक शीळ काही त्यात नीट उतरत नाही. आणि त्या मशीनला सेल लागतो. त्यामुळं समोरचा बोलायचा थांबला की सर ते बंद करतात. "कुणी बोलत नसताना हे कुणासाठी चालू ठेवायचं?" अक्का स्वयंपाकघरातून हाका मारून दमते, मग बाहेर येऊन त्यांच्यासमोर हात हलवते, मग ते मशीन चालू करतात, मग ती विसरते काय सांगायचं होतं ते. निरोपाच्या समारंभात सगळे तासभर चांगलं चांगलं बोलले. सर उठले, "सगळ्यांचे आभार. घरी जा, पंखे बंद करून जा," एवढंच म्हणाले आणि बसले.

रिटायर झाल्यावर हा माणूस दर सोमवारी आमच्या शेडवर यायला लागला. सुट्टी असते, मी किल्ली घेऊन जातो, दत्तूमामाला घरात करमत नाही म्हणून तोही येतो. सर कॉम्प्रेसर चालू करायला सांगतात, बोट वर करतात आणि पाईपाच्या कडेनं एक फेरी मारतात. आमचे सगळे जोड आवळलेले. फेरी संपायची, बोट खाली यायचं, "सगळं ठीक आहे, पावणं," म्हणायचे आणि खुर्चीत बसायचे. ठीक असल्याचा आनंद त्या चेहऱ्यावर दिसायचा नाही. ठीक आहे, की आपल्याला ऐकू येत नाही, हे त्यांना कसं कळणार? तिसऱ्या सोमवारी ते गेल्यावर दत्तूमामा माझ्याजवळ आला. "मालक, त्यो लेथवरचा नट जरा ढिला सोडतो की. चांगला ढिला. मोठ्यानं वाजंल असा."

"मामा, डोकं फिरलं का? हवा गळंल."

"गळू दे की जरा. सरांस्नी आयकू याय नको व्हय?"

मी पान्हा काढून त्याच्या हातात दिला. पुढच्या सोमवारी सर आले. टाकी भरली, बोट वर गेलं, फेरी सुरू झाली. तिसऱ्या लेथपाशी आल्यावर ते थांबले. भुवया हलल्या. "सुईं," ते स्वतःशी म्हणाले, आणि मग मोठ्यानं, "पावणं, सुईं!" काय तो चेहरा! ब्रश निघाला, फेस निघाला, बुडबुडे आले. पान्हा घेऊन स्वतः स्टुलावर चढले, नटाला लावला, आणि तिथंच थबकले. नटाच्या कडेला पान्ह्याचा ताजा ओरखडा होता. तीस वर्षं पोरांच्या चोऱ्या पकडलेला मास्तर तो. त्यांनी वरूनच आधी दत्तूमामाकडं बघितलं, मामा छताचे पत्रे मोजायला लागला. मग माझ्याकडं बघितलं.

"हे कुणासाठी चाललंय, पावणं?"

मी पुढं होऊन स्टूल धरलं. मग त्यांनी नट आवळला, पुरता आवळला, आवाज थांबला. आणि मग, हा माणूस आयुष्यात असं काही करेल यावर माझा अजून विश्वास बसत नाही, त्यांनी पान्हा उलटा फिरवून तो अर्धा फेरा परत सोडला. खाली उतरले, हात पुसले.

"राहू दे एवढा," ते म्हणाले. "पुढच्या सोमवारी बघतो."

जाताना माझ्या केबिनमधला पंखा मात्र त्यांनी आठवणीनं बंद केला. ते गेल्यावर मी आणि मामा बराच वेळ तिथंच बसून राहिलो. सुट्टी होती, कुणी काम करत नव्हतं, आणि दर थोड्या वेळानं कॉम्प्रेसर धडधडत उठत होता, टाकी भरत होता, थांबत होता. त्याचं बटण माझ्या हाताशीच होतं. मी ते दाबलं नाही.